विदरबीच्या मधमाश्या

"उद्या सकाळी ते मला न्यायला येणार आहेत," असं म्हणून सेसिली फेनरने खांद्यावर झोपलेल्या मुलीचा कान तळहाताने झाकला. मुलगी गाढ झोपेत होती, तरीही.

बर्नार्ड पेलला त्या हाताकडे बघवेना. त्याने उठून शेकोटीतली लाकडं उगाच खालीवर केली. जन्मभर गुराढोरांची डॉक्टरकी केलेला हा गृहस्थ निवृत्त होऊन धाकट्या बहिणीकडे राहायला आला, तेव्हा उरलेलं आयुष्य गुलाब छाटण्यात जाईल असं त्याला वाटलं होतं. पण ऑगस्टा पेलच्या दारात लोक गुलाब बघायला येत नसत. पोलिसांनी सोडून दिलेली किंवा फार घाईने मिटवलेली प्रकरणं घेऊन येत.

"पहिल्यापासून सांगा," ऑगस्टा म्हणाली. "रडू आलं तर खुशाल रडा, पण मधलं काही गाळू नका."

सेसिली रडली नाही. विदरबी किल्ल्याचे मालक सर लायनेल हे तिचे सासरे. नवरा विमान पडून गेला, तेव्हा पोझी रांगतही नव्हती. मंगळवारी रात्री जेवण झाल्यावर सासरे नेहमीसारखे बंदीबुरुजात गेले. पहाटेच्या गाडीने ते लंडनला जायचे होते, म्हणून सकाळी ते दिसले नाहीत याचं कुणाला काही वाटलं नाही. बुधवारी दुपारी खंदकातलं धुकं विरलं आणि त्यांचा पुतण्या जर्व्हेस याच्या कुत्र्याने भुंकून किल्ला डोक्यावर घेतला. सर लायनेल बुरुजाच्या पायथ्याशी पडले होते. रात्रीच, पडताक्षणीच गेले, असं डॉक्टर म्हणाले.

"म्हातारा माणूस, अंधार, ओला दगड," बर्नार्ड हळूच म्हणाला. "तोल गेला असेल."

"बुरुजाच्या दाराला बाहेरून कुलूप होतं, मिस्टर पेल. तो बुरूज पूर्वी तुरुंग होता. किल्लीचं भोक फक्त बाहेरच्या बाजूला आहे. आत गेलेला माणूस स्वतःला कोंडून घेऊच शकत नाही. किल्ल्या दोन. एक त्यांच्याच खिशात सापडली." तिने मुलीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "दुसरी माझी."

"आणि?" ऑगस्टा म्हणाली. "तेवढ्यावर इन्स्पेक्टर ट्रँटर तुम्हाला नेणार नाही. तो मठ्ठ आहे, पण दुष्ट नाही."

"मिस्टर लस्क म्हणून एक इतिहासाचे अभ्यासक आमच्याकडे उतरलेत. ते खाली दिवाणखान्यात शेकोटीपाशी बसले होते. बुरुजातल्या खोलीचं आणि दिवाणखान्याचं धुरांडं एकच आहे. वरून त्यांना बाईचा आवाज आला. 'पोर माझ्यापासून कुणी नेणार नाही!' मग जिना चढणारी पावलं. बस्स. इन्स्पेक्टर म्हणतात, असं आईशिवाय कोण बोलेल?"

"तुम्ही बोललात?"

"नाही! मी डोकं धरून माझ्या खोलीत पडले होते. एकटीच. आणि माझी पोर कोण नेत होतं? मामंजी आम्हा दोघींना व्हँकुव्हरला, माझ्या बहिणीकडे पाठवणार होते. किल्ला सरकारी खात्याच्या हवाली करायचा आणि मग आमची बोटीची तिकिटं काढायची, त्यासाठीच ते लंडनला निघाले होते. पण स्वतः सगळ्यांना सांगेपर्यंत तू बोलू नकोस, असं त्यांनी मला बजावलं होतं. आता इन्स्पेक्टरना वाटतं, मी हे रचून सांगतेय."

पोझी चुळबुळली, डोळे न उघडता तिने आईची बाही मुठीत धरली आणि पुन्हा झोपली.

"बर्नार्ड, तुझे बूट घाल," ऑगस्टा म्हणाली. "एकाच जोडातले घाल म्हणजे झालं."

*

बुधवारी संध्याकाळी लागलेला पाऊस अजून तुटत नव्हता. "सूर्य बघून किती दिवस झाले!" असं बर्नार्ड वाटभर कुरकुरत होता. विदरबीच्या वेशीतून मोटार आत आली तेव्हा दोन्ही बाजूंच्या, पहारेकऱ्यांच्या देवड्यांतून पाणी गळत होतं.

तटाच्या कडेने जाताना सेसिली एकदम लांबून वळसा घालून चालू लागली. त्या जागी तटाच्या दगडातच कमानदार कोनाडे खोदलेले होते आणि प्रत्येक कोनाड्यात मधमाश्यांची एकेक गवती टोपली पालथी ठेवलेली होती. प्रत्येक टोपलीला काळी फीत बांधलेली होती.

"मला एक माशी चावली तरी चेहऱ्याचा भोपळा होतो," ती ओशाळून म्हणाली. "इकडे नॅनीच बघते सगळं. मी या अंगणात पाऊलसुद्धा टाकत नाही."

"मालक गेल्याचं त्यांना सांगितलं वाटतं," बर्नार्डने टोपी काढली. त्याच्या आजोळी हीच रीत होती.

ऑगस्टा कोनाड्यांकडे नाही, त्यांच्या दक्षिणेला पुढे आलेल्या बंदीबुरुजाकडे बघत होती.

जर्व्हेस फेनर पागेत कुत्र्याचे पाय पुसत होता. "गुप्तहेर? वा! मग माझ्यापासूनच सुरुवात करा. सगळ्यात वाईट माणूस मीच. इथे हॉटेल काढा म्हणून मी काकांच्या मागे लागलो होतो. ते म्हणाले, तुझ्या पाहुण्यांना खंदकात आंघोळ घालू का?" तो हसला आणि हसू अर्ध्यातच विरलं. "मंगळवारी रात्री मी गावात, दारूच्या गुत्त्यात बाणफेकीचा डाव खेळत होतो. हरलो. अख्खा गाव साक्षीला आहे. माझ्या हरण्याला इथे नेहमीच साक्षीदार असतात."

"सेसिलीबाईंनी ढकललं असं वाटतं तुम्हाला?"

"सेसिलीने?" त्याने कुत्र्याचा पाय खाली ठेवला. "ती कोळी मारत नाही. कागदावर घेऊन खिडकीबाहेर सोडते. पण कुलूप कुणीतरी लावलंच ना, मिस पेल? कुलूप म्हणजे काही वारा नव्हे."

किल्ली पोझीच्या खोलीत, दाराशेजारच्या खिळ्यावर टांगलेली होती. वीतभर लांब, जुनी, जड. ट्रँटरने ती पाहिली होती आणि पुन्हा खिळ्यावर अडकवून ठेवली होती. बर्नार्डने ती हातात घेतली आणि बोटं एकमेकांना चिकटली. किल्लीच्या दात्यांत गवताची एक काडीही अडकली होती.

"पोझीचा जॅमचा हात लागलेला दिसतोय," तो म्हणाला.

ऑगस्टाने किल्ली नाकाशी धरली. "पोझीला टाचा उंचावून तरी पोचेल का हा खिळा?"

"मग माझाच चिकट हात म्हण," बर्नार्ड म्हणाला. ऑगस्टाने किल्ली रुमालात गुंडाळून आपल्या पिशवीत टाकली. खोलीच्या कोपऱ्यात एक छोटी पेटी उघडी होती. आत विणलेले पायमोजे, कानटोपी, लोकरी कोट. ऑगस्टा तिच्यापाशी वाकली आणि बराच वेळ नुसतीच बघत राहिली.

*

"बसा साहेब, ओले आहात," म्हातारी हेस्टर डन म्हणाली आणि बर्नार्डच्या पुढ्यात ओटचा केक, लोणी आणि मधाची वाटी सरकवली. तिला सगळा किल्ला नॅनी म्हणे. लेडी फेनर बाळंतपणात गेल्या तेव्हा ही तरुणपणी इथे आली. त्यांच्या रॉबिनला तिने वाढवलं, आणि आता रॉबिनच्या मुलीला, पोझीला.

"मंगळवारी रात्री तुम्ही कुठे होतात?" ऑगस्टाने विचारलं.

"पोरीपाशी. खोकला झालाय तिला. रात्रभर मांडीवर होती."

"आणि माश्यांना फीत कधी बांधलीत?"

"बुधवारी दुपारी. मालकांना आत आणलं, डोळे मिटवले, आणि लगेच बांधली." म्हातारीने एप्रन सारखा केला. "सांगावं लागतं, बाई. नाही सांगितलं तर त्या रुसून जातात, आणि घराचं वाटोळं होतं."

"बाईसाहेबांवर आळ आलाय, त्याचं काय वाटतं तुम्हाला?"

हेस्टरने केकचा आणखी एक तुकडा कापला. तो बर्नार्डच्या ताटलीत नीट बसेना. "निरपराध माणसाला देव सोडवतोच," ती म्हणाली.

तेवढ्यात पोझी आत धावत आली आणि सरळ तिच्या एप्रनमध्ये शिरली. हेस्टरने न बघता तिच्या बुटाचा सुटलेला बंद बांधला. एका हाताने, जशी बाई झोपेतही बांधेल तशी. बर्नार्डला आपली आई आठवली. हिच्या हातचं खाल्लेली मुलं भाग्यवान, असं त्याच्या मनात आलं.

लस्कमहाशयांनी जुन्या मुदपाकखान्यात फोटो धुवायची अंधारखोली थाटली होती. पाहुणे बघून त्यांच्या उत्साहाला भरतं आलं. "बंदीबुरूज पहिल्या एडवर्डच्या काळातला, असं सर लायनेल छातीठोकपणे सांगायचे. माझ्या मते निदान शंभर वर्षं अलीकडचा. आम्ही रोज भांडायचो." त्यांनी ओले हात कोटाला पुसले. "आता कुणाशी भांडू?"

"ते कोनाडे?" ऑगस्टाने विचारलं.

"अस्सल! त्यांची दंतकथाही मोठी मजेदार आहे. किल्ल्याला वेढा पडला, शिबंदी उपाशी, धनी लढाईवर. तेव्हा लेडी ॲव्हेलिनने कडेवर तान्हं मूल घेऊन फांजीवरून, म्हणजे तटाच्या माथ्यावरून, मधमाश्यांच्या टोपल्या शत्रूच्या डोक्यावर सोडल्या म्हणे. वेढा उठला! तेव्हापासून घरातली प्रत्येक बातमी आधी माश्यांना. घरातल्या सगळ्यात मोठ्या किल्लीने टोपलीवर ठकठक करून सांगायची. जन्म, लग्न, मरण. माणसांना नंतर!" ते हसले. "कागदोपत्री पुरावा शून्य. पण हा फोटो बघा, माझ्या पुस्तकाचं पहिलं पान."

फोटो खरोखर सुंदर होता. तिरपं ऊन प्रत्येक कोनाड्याच्या पार तळापर्यंत शिरलं होतं. दगडावरचे टाकीचे घाव, टोपल्यांची वीण, त्यांवरच्या काळ्या फितींच्या गाठी, सगळं लख्ख. कोनाडे बर्नार्डने येताना पाहिले तसेच दिसत होते, फक्त उजळलेले.

"असं ऊन मिळायला नशीब लागतं," लस्क म्हणाले. "कोनाडे पूर्वेकडे तोंड करून. सूर्य वर आला की बुरुजाची सावली पडते, मग दिवसभर अंधार. सूर्योदयानंतरची घटकाभर, बस्स. मी किती सकाळी ताटकळत बसलो होतो!"

ऑगस्टाने फोटो हातात धरला. बर्नार्डने तिचा चेहरा बघितला आणि त्याला कळलं की तिला कळलंय. पण नेहमीची चमक तिच्या डोळ्यांत नव्हती. एखादं औषध आता लागू पडणार नाही हे कळल्यावर तो गायीच्या मालकाकडे जसा बघे, तशी ती बघत होती.

"कोण आहे?" त्याने बाहेर आल्यावर विचारलं.

"चहाच्या वेळी ट्रँटरला बोलाव," ती म्हणाली. "आणि बर्नार्ड, तो केक तुला आवडला ना? माझ्यासाठी ठेवू नकोस. मला जाणार नाही."

*

चहा कुणीच पीत नव्हतं. दिवाणखान्याच्या अजस्र शेकोटीसमोर सगळे बसले होते. इन्स्पेक्टर ट्रँटर घड्याळाकडे बघत होता. पोझी हेस्टरच्या मांडीवर पेंगत होती.

"मुलीला आधी आत निजवा," ऑगस्टा म्हणाली.

"मी नेते," सेसिली उठली. पोझी आईच्या खांद्यावर गेली. हेस्टरचे हात क्षणभर हवेत तसेच राहिले. सेसिली एकटीच परत आली.

"पहिली गोष्ट धुरांड्यातून आलेल्या आवाजाची," ऑगस्टाने सुरुवात केली. "'पोर माझ्यापासून कुणी नेणार नाही.' ट्रँटर, आईशिवाय कोण बोलेल असं तुम्ही विचारलंत आणि स्वतःच उत्तर देऊन टाकलंत. पण आईपासून पोर कुणी नेतच नव्हतं."

"हे त्या म्हणतात!"

"हे पोझीची पेटी म्हणते. ऑक्टोबरात, याच घरात राहणाऱ्या मुलीची पेटी कुणी भरतं का? आणि भरलंय काय? बर्फात घालायचे कपडे. सगळे नवे, हाताने विणलेले, थोडे मोठ्या मापाचे. आईने उन्हाळ्यापासून चोरून विणलेत ते. सेसिलीबाईंना जायचं होतं. मग ते वाक्य अशा कुणाचं तरी होतं, जिच्यापासून पोर खरोखरच जाणार होती."

ट्रँटरने घड्याळ खिशात घातलं.

"दुसरी गोष्ट, माश्यांच्या फिती. बुधवारी दुपारी, प्रेत आत आणल्यावर बांधल्या, असं मला सांगण्यात आलं. मिस्टर लस्क, तुमचा फोटो. यात ऊन आहे. कधीचं?"

"बुधवारचं," लस्क गोंधळून म्हणाले. "त्यानंतर सूर्य कुठे दिसलाय?"

"तेच तर माझा भाऊ येताना वाटभर सांगत होता. आणि ऊन कोनाड्यात शिरतं ते फक्त सूर्योदयाच्या सुमाराला, हे तुम्हीच सांगितलंत. त्या वेळी सर लायनेल लंडनच्या गाडीत बसले आहेत अशी सगळ्यांची समजूत होती. खंदक धुक्याने भरलेला होता. ते गेले हे या घरात कुणालाच माहीत नव्हतं. मग माश्यांना कसं माहीत होतं?"

लस्कनी फोटो घेतला, बघितला, आणि चष्मा काढला. "मी दगडच बघत राहिलो," ते पुटपुटले.

"तिसरी गोष्ट ही." ऑगस्टाने रुमाल सोडून किल्ली टेबलावर ठेवली. "घरातली सगळ्यात मोठी किल्ली. हिच्या दात्यांत गवताची काडी आहे आणि माश्या टोपलीला जो चीक लावतात तो चीक. सेसिलीबाई त्या अंगणाला वळसा घालून जातात. ही किल्ली टोपल्यांपाशी नेली ती दुसऱ्याच हाताने. आणि पोझीच्या खोलीतली किल्ली जिच्या हाताशी रात्रंदिवस होती, अशी या घरात आणखी एकच बाई आहे."

कुणीही हेस्टरकडे बघितलं नाही. बर्नार्डने तर डोळेच मिटले.

"एकच गोष्ट मला कळत नव्हती," ऑगस्टाचा आवाज खाली आला. "कुलूप. दार नुसतं लोटून ठेवलं असतं तर आपण सगळे म्हणालो असतो, म्हातारा तोल जाऊन पडला. ते कुलूप कुणी लावलं, आणि का? खून लपवणारा माणूस असं कधीच करणार नाही. मग मी तुम्हाला बुटाचा बंद बांधताना पाहिलं, नॅनी. न बघता."

हेस्टरने एप्रनची कड मुठीत धरली होती. ती सोडून तिने हात मांडीवर ठेवले.

"पोझी चालायला लागली तेव्हा नियम मीच घातला होता," ती म्हणाली. "बुरुजातून बाहेर येणाऱ्याने कुलूप लावायचं. आत जिना आहे, वर कठड्याच्या चर्या फुटक्या आहेत, पोर चढली तर? मालकांनाही मी रागवायची. त्या रात्री खाली आले, हात आपोआप फिरला. कुलूप लावलं हेसुद्धा मला बुधवारी कळलं, जर्व्हेसबाबा दार हलवून ओरडले तेव्हा."

"वर काय झालं?" ट्रँटरने विचारलं. त्याचा आवाज त्याच्या मिशांइतका कडक नव्हता.

"संध्याकाळी मला पेटी दिसली. मी विचारायला गेले. दार बंद असलं तर म्हणून किल्ली घेतली होती. मालक म्हणाले, हेस्टर, हा किल्ला पोरीसाठी थडगं आहे, तिला जाऊ दे. गावात तुला घर देतो म्हणाले. घर! मला घर काय करायचंय? मी ओरडले. ते वर फांजीवर निघून गेले. रॉबिन गेल्यापासून कुणी आवाज चढवला की ते तिथे जायचे. मी मागून गेले, बाही धरली. म्हटलं, तुमचा मुलगा मी वाढवला, त्याची मुलगी तरी मला ठेवा. त्यांनी बाही सोडवून घेतली. एवढंच. एवढंच हो. मागे चर्येचा दगड सुटा होता."

शेकोटीत एक लाकूड कोसळलं.

"मी वरून हाका मारल्या. उत्तर नाही. तेवढ्यात पोर खोकत रडायला लागली. खिडकीतून आवाज आला. मग मी तिच्याकडे गेले." तिने वर बघितलं. "रात्रभर ती मांडीवर होती. उजाडल्यावर वाटलं, कुणालातरी सांगायलाच हवं. मालक गेले आणि घरात कुणाला ठाऊक नाही, हे पाप आहे. माणसांपुढे तोंड उघडेना. म्हणून माश्यांकडे गेले."

"पण इन्स्पेक्टरनी माझं नाव घेतलं, नॅनी," सेसिली म्हणाली. ती ओरडली नाही. "काल घेतलं. तू तिथेच उभी होतीस. चहा ओतत होतीस."

म्हातारीच्या चेहऱ्यावरचा बांध पहिल्यांदाच फुटला.

"पहिल्यांदा वाटलं, उद्या सांगेन. मग वाटलं, तुम्हाला नेलं तर..." तिने एप्रनची कड पुन्हा मुठीत धरली. "तर पोर इथेच राहील. माझ्यापाशी. असं माझ्या मनात आलं, लेकी. मी ते हाकललं नाही. रॉबिनची शपथ, मालकांना मी ढकललं नाही. पण हे मी केलं. हे मात्र मी केलं."

इतकी वर्षं ती सेसिलीला बाईसाहेब म्हणत आली होती. त्या 'लेकी'चा अर्थ लावायला दोघींनाही आता वेळ उरला नव्हता.

ट्रँटर उठला. मग पुन्हा बसला आणि म्हणाला, "चहा घ्या आधी, मिसेस डन. बाहेर गारठा आहे."

*

तिला नेलं तेव्हा पाऊस थांबला होता. खून म्हणून काही उभं राहणार नाही, असं ट्रँटरने ऑगस्टाला बाजूला घेऊन सांगितलं. गप्प बसल्याची शिक्षा मात्र होईल. मोटारीत बसताना हेस्टरने मागे वळून एकदाच विचारलं, "रात्री खोकला आला तर छातीला हंसाची चरबी चोळा. कोमट करून. विसराल?"

"नाही," सेसिली म्हणाली.

मोटार वेशीबाहेर गेली तरी सेसिली पायरीवर उभीच होती. जाग आलेली पोझी तिच्या कडेवर होती. "नॅन कुठे गेली?" तिने विचारलं. पुन्हा विचारलं.

"चल ना घरी," बर्नार्ड बहिणीला म्हणाला. "आपलं काम झालं."

"हो. सगळं बरोबर निघालं," ऑगस्टा म्हणाली. तिच्या तोंडून हे वाक्य एवढं थकलेलं त्याने कधी ऐकलं नव्हतं.

सेसिली आत गेली आणि परत आली. पोझी आता जर्व्हेसच्या कडेवर होती. सेसिलीच्या हातात ती जड किल्ली होती, ट्रँटर पुराव्यासाठी न्यायला विसरला होता. ती अंगणातून चालत निघाली. या वेळी तिने वळसा घातला नाही.

"अहो, चावतील!" बर्नार्ड धावलाच. ऑगस्टाने त्याचा कोट धरला.

पहिल्या कोनाड्यापाशी सेसिली थांबली. एक माशी तिच्या मनगटावर बसली, तिने हात हलवला नाही. किल्लीने तिने टोपलीवर हलकेच ठोकलं.

"हेस्टर गेली," ती म्हणाली. "आम्हीही जाणार आहोत. पण तुम्ही राहा."

मग ती पुढच्या कोनाड्याकडे वळली, आणि तेच पुन्हा सांगू लागली.